'चंद्रकोरीवरचा मोची', पहिली आवृत्ती

व्हिटबी
११ ऑक्टोबर १९५३

प्रिय मेव्हिस,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला दहा दिवस लावले, रागावू नकोस. पोटाने धरलंय. आधी वाटलं, बंदरावरून आणलेला मासा शिळा असेल. पण मासा एकदा त्रास देतो, दर शुक्रवारी देत नाही. डॉक्टर फेअरबर्न म्हणाले, "मिस गॅरथ, चौसष्टाव्या वर्षी पोट तक्रार करणारच." मी म्हटलं, "डॉक्टर, तुमचं पोट माझ्याहून दोन वर्षांनी मोठं आहे, ते करतं का?" त्यांनी पांढरी पावडर लिहून दिली.

आता चांगली बातमी. ऑगस्टमध्ये एका जुन्या पाद्रीनिवासातल्या सामानाचा लिलाव झाला. तिथे धुण्याच्या टोपल्यांखाली एक खोकं पडलं होतं. आत एकाच मालिकेतली परीकथांची बारा पुस्तकं. शंभर वर्षांपूर्वीची, सगळी पहिल्या आवृत्तीची, जवळजवळ कोणी न उघडलेली. तीस वर्षं मी अशी पुस्तकं एकेक करून गोळा केली, पण बाराची बारा एकत्र कधी पाहिली नव्हती. गडद हिरवं कापड, पाचूसारखं, आणि त्यावर सोनेरी ठसे. धूळ आणि बुरशी मात्र भरपूर. रोज थोडी थोडी साफ करते. स्वयंपाकघरातच बसते, कारण ऊब तिथेच. कापडावरून कोरडा ब्रश फिरवायचा, पानांवरून शिळ्या पावाचा मऊ गर. तुझ्या आजोबांनी शिकवलेली पद्धत.

आणि मला मदतनीसही मिळालाय. संग्राहकांच्या साप्ताहिकात मी या पुस्तकांबद्दल चार ओळी छापायला दिल्या होत्या, त्या वाचून एक गृहस्थ आले. मिस्टर अँब्रोज थ्वेट, पिकरिंगचे. रेल्वेत तिकीटबाबू होते, आता निवृत्त. मुलगी एनिड हिच्याकडे राहतात, लिनेट नावाची नऊ वर्षांची नात आहे. दर गुरुवारी गाडीने येतात, मुलीने केलेला शहाजिऱ्याचा केक आणतात, आणि आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत पुस्तकं झटकत बसतो. 'चंद्रकोरीवरचा मोची' त्यांनी दोन्ही हातांनी अलगद उचललं. एकतिसावं पान उघडून म्हणाले, "हे बघा. 'राणी' दोनदा छापलंय. पुढच्या आवृत्तीत सुधारलं. चूक आहे म्हणूनच अस्सल."

ज्याला हे सांगावं लागत नाही असा पाहुणा इतक्या वर्षांत या घरात आला नव्हता. सगळ्यांना मीच सांगायची.

तुझी आत्या
हेस्टर


लीड्स
१५ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत औषधालयाच्या मागच्या खोलीत वाचलं आणि मग पुन्हा वाचलं. तू सहज लिहून गेलीस, 'दर शुक्रवारी'. आणि मिस्टर थ्वेट येतात गुरुवारी.

माझी थट्टा कर हवी तर. पण अकरा वर्षं मी रुग्णालयात औषधं मोजून देते, आणि इथे येणारी माणसं काय काय खाऊन येतात हे रोज बघते. मला एवढंच सांग. तो केक ते स्वतः खातात का? तू एकटी राहतेस हे त्यांना ठाऊक आहे का? तुझ्यामागे पुस्तकांचं काय होणार, असं त्यांनी कधी विचारलं का?

खरं खरं लिही. हातापायांना काही होतंय का, तेही.

तुझी
मेव्हिस


व्हिटबी
२५ ऑक्टोबर

प्रिय मेव्हिस,

तुझं पत्र आल्यावर मी म्हटलं, बापासारखीच संशयी. तोही पोस्टमनकडून पाकीट घेताना उलटंपालटं करून बघायचा. चार दिवस मी तुझ्यावर चिडून होते. आता चिडलेली नाही.

हो, विचारलं होतं. ऑगस्टच्या शेवटी, ब्रश झटकता झटकता. "मिस गॅरथ, तुमच्यानंतर ही बारा भावंडं वेगळी होणार नाहीत ना?" मला तेव्हा तो जिव्हाळा वाटला होता. एकटी राहते हेही ठाऊक आहे. केक ते खातात, पण माझ्याहून कमी. गुरुवारी म्हणाले, "माझंही पोट जरा बिघडलंय." मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. माणूस असं नाटक करू शकतो का?

आता चिमण्यांचं सांगते. टेबलावरचे पावाचे तुकडे आणि केकचा चुरा मी मागच्या अंगणात टाकते, हे तुला माहीत आहे. सोमवारी तिथे एक चिमणी मेलेली दिसली. मांजराचं काम असेल म्हटलं. बुधवारी दोन. शुक्रवारी एक रॉबिन पक्षी, पाय आकसलेले, डोळे उघडे, अंगावर ओरखडा नाही. शेजारच्या मिसेस ब्लेंकिन कुंपणावरून म्हणाल्या, "हेस्टर, तुझ्याकडचं खाऊन पाखरं मरायला लागली, मला चहाला बोलावू नकोस हं." त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

तू विचारलंस म्हणून. पायाच्या तळव्यांना मुंग्या येतात. कधी कधी चपलेत पाय आहे की नाही हे बघावं लागतं. मी ते लिहिणार नव्हते.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता मी समोरच्या दाराला आतून कडी घातली. भर दिवसा. या गावात बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

तुझी आत्या


लीड्स
२८ ऑक्टोबर

आत्या,

त्या केकचा कणही तोंडात घालू नकोस. त्यांनी ओतलेला चहा पिऊ नकोस. त्यांना काही बोलूही नकोस. संशय आलाय हे कळलं तर माणूस काय करेल सांगता येत नाही.

डोक्याच्या मागच्या बाजूची केसांची एक बट मुळापासून काप, कागदात गुंडाळ आणि उलट टपालाने पाठव. आमच्या प्रयोगशाळेतल्या मिस्टर ओकडेनना मी विचारलंय, विष पोटात जात असेल तर ते केसांत आणि नखांत उतरतं. नखं उजेडात धरून बघ. आडव्या पांढऱ्या रेघा दिसतात का?

मला तुझ्यापेक्षा जास्त भीती वाटतेय, कारण तू काय लिहिणार हे मला आधीच कळतंय.

मेव्हिस


व्हिटबी
६ नोव्हेंबर

प्रिय मेव्हिस,

केस पाठवलेच आहेत. रेघा आहेत, आठ बोटांवर.

काल ते आले. येऊ नका असं कळवायला हवं होतं, पण कारण काय देणार? टेबलावर केक ठेवला, नेहमीसारखा रुमालात बांधलेला. मी तुकडा बशीत घेतला आणि तसाच ठेवला. त्यांनी बशीकडे पाहिलं.

"आज केक आवडला नाही?"

"भूक नाही."

"एनिडने खास तुमच्यासाठी लोणी जास्त घातलंय. ती म्हणाली, मिस गॅरथ वाळल्यात."

"वाळलेय हे तिला कोणी सांगितलं?"

"मीच." मग हळूच म्हणाले, "तुम्ही माझ्याकडे असं का बघताय, मिस गॅरथ?"

 किटली उकळत होती, ती उतरवायला मी वळले, आणि वळताना पाठ त्यांच्याकडे आहे या जाणिवेने माझ्या अंगावर काटा आला. हातातली किटली मी टेबलावर ठेवली नाही. दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. ते उठले, टोपी घेतली, "तुम्हाला विश्रांती हवी" म्हणाले आणि लवकरच्या गाडीने गेले.

ते गेल्यावर मी पुस्तकं मोजली. अकरा. 'चंद्रकोरीवरचा मोची' नाही.

म्हणजे तू म्हणालीस ते खरं. हळूहळू मला संपवायचं आणि हळूहळू पुस्तकं न्यायची. तीन महिने मी या माणसाची वाट बघत गुरुवार मोजले. मला स्वतःची लाज वाटते, मेव्हिस. भीतीपेक्षा जास्त लाज.

हेस्टर


लीड्स
१३ नोव्हेंबर

आत्या,

केसांमध्ये आर्सेनिक सापडलं. थोडंथोडकं नाही. मिस्टर ओकडेननी परीक्षा दोनदा केली.

व्हिटबीच्या पोलीस सार्जंटना मी फोन केला. थ्वेटचं नाव, पत्ता, केक, चोरी, सगळं सांगितलं. उद्या सकाळच्या गाडीने मी येतेय. तुला तिथल्या रुग्णालयात दाखल करायचं ठरलंय. माझ्याशिवाय कोणाला दार उघडू नकोस.

मेव्हिस


व्हिटबी
१९ डिसेंबर

मेव्हिस,

रुग्णालयात तीन आठवडे होते तेव्हा बरी होत होते हे तू पाहिलंस. जेवण जात होतं, पायाखाली जमीन लागत होती. घरी येऊन मला आज तेरा दिवस झाले. पहिला आठवडा बरा गेला. मग पुन्हा उलट्या, पुन्हा मुंग्या. काल केस विंचरले तर फणीत मूठभर आले.

थ्वेट या घराच्या आसपास फिरकलेला नाही. सार्जंटने त्याला दोनदा बोलावून विचारलं, पुरावा नाही म्हणून सोडलं, पण पिकरिंगमधून तो हललेला नाही हे सार्जंट शपथेवर सांगतो. घराचं कुलूप बदललंय. दूध, पाव, लोणी मिसेस ब्लेंकिन स्वतःसाठी आणतात त्यातलंच घेते. बाहेर जात नाही, कोणाला आत घेत नाही. दिवसभर स्वयंपाकघरात बसून उरलेली अकरा पुस्तकं साफ करते, तेवढंच मन रमतं.

त्याखेरीज घरात बाहेरून आलेली खाण्याची एकच वस्तू आहे. तू पाठवलेला संत्र्याचा मुरंबा.

औषधालयाच्या किल्ल्या तुझ्याकडे असतात. माझ्यामागे हे घर तुझं, पुस्तकंही तुझीच. हे लिहिलं नाही तर तू पुढच्या वेळी समोर आलीस की मी तुझ्याकडेही तसंच बघेन, जसं त्याच्याकडे बघितलं.

नाताळला येऊ नकोस.

हेस्टर गॅरथ


लीड्स
२२ डिसेंबर

आत्या,

तुझ्यावर रागावले नाही असं लिहिणार होते. खोटं झालं असतं. पत्र वाचून मी अर्धा तास त्या मागच्या खोलीत बसून होते आणि बाहेर रांग लागली होती.

मुरंबा मी त्याच पातेल्यातला खातेय, ठणठणीत आहे. पण तू माझं ऐकायचं कारण नाही, हेही मला कळतं. संशय कसा घ्यायचा हे मीच तुला शिकवलं.

मी येतेय. सोबत काही आणणार नाही, तुझ्या घरात पाणीसुद्धा पिणार नाही. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसून राहीन आणि मिसेस ब्लेंकिनला वर्षभर पुरेल एवढा विषय देईन.

मेव्हिस


लीड्स
३० डिसेंबर

प्रिय आत्या,

दार उघडलंस, त्याबद्दल काय लिहू. उघडल्यावर आपण दोघी रडलो ते राहू दे. हे पत्र मिळताच स्वयंपाकघरातून बाहेर पड आणि पुढचं बाहेर उभी राहून वाच.

नाताळच्या सकाळी तू टेबलापाशी पुस्तक झटकत होतीस आणि मी समोर बसून नुसती बघत होते. खिडकीतून ऊन आलं. तुझ्या ब्रशमधून धूर निघावा तशी बारीक हिरवी धूळ उडत होती. ती लोण्यावर बसत होती, पावावर बसत होती. तुझ्या बोटांच्या पेरांत हिरवं होतं, आणि त्याच बोटांनी तू पावाचा तुकडा मोडून तोंडात टाकलास. मग पानांवर घासलेला गर गोळा करून खिडकीतून चिमण्यांना टाकलास. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण एकदा न तपासता बोलल्याचं फळ आपण भोगतोय. तू बाहेरच्या खोलीत गेलीस तेव्हा टेबलावरची थोडी धूळ पाकिटात भरून आणली.

काल मिस्टर ओकडेननी ती आम्लात उकळली आणि त्यात तांब्याची पट्टी बुडवली. काही मिनिटांत पट्टी काळी पडली. ते म्हणाले, "हा तर जुना पाचू रंग. शंभर वर्षांपूर्वी भिंतीच्या कागदात घालायचे, लहान मुलांच्या खोल्यांतसुद्धा. आर्सेनिकचाच बनवतात. पुस्तकांच्या कापडातही असेल असं माझ्या डोक्यात आलं नव्हतं."

केकमध्ये काही नव्हतं, आत्या. मुरंब्यात नव्हतं. गुरुवारी तुम्ही दोघं मिळून तासन्‌तास झटकायचात, म्हणून शुक्रवार. त्यांचंही पोट बिघडलं होतं ते नाटक नव्हतं. एका निरपराध माणसाला मी विषारी ठरवलं आणि पोलिसांच्या हवाली केलं.

यापुढचं लिहायला मला भीती वाटते. ते निरपराध आहेत, पण बारावं पुस्तक त्यांनीच नेलंय. ते कुठे आहे आता? त्यांच्या घरात लहान मुलगी आहे असं तू लिहिलं होतंस.

मेव्हिस


व्हिटबी
३ जानेवारी १९५४

मेव्हिस,

मी मिसेस ब्लेंकिनच्या बैठकीत बसून लिहितेय. माझ्या स्वयंपाकघराला कुलूप आहे.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी थ्वेटना लिहिलं. पाकीट न उघडता परत आलं, वर त्यांच्या अक्षरात 'नाकारलं'. हे त्यांचं अक्षर मी ओळखते, प्रत्येक पुस्तकाची चिठ्ठी त्यांनीच केली होती. दुसरं पत्र पाठवलंय, तेही तसंच येणार. फोन त्यांच्याकडे नाही. सार्जंटला सांगितलं. त्याने पिकरिंगला कळवलं, तिथला शिपाई त्यांच्या दारात गेला. थ्वेटनी अर्धवट दार उघडून सांगितलं, "माझ्या घरात असलं कुठलंही पुस्तक नाही. विषाचं झालं, आता पुन्हा चोरीचं काढलंत का?" आणि दार लावलं. झडतीचा हुकूम मिळायला वेळ लागेल म्हणतात.

एक गोष्ट त्यांनी मला सप्टेंबरमध्ये सांगितली होती. लिनेटची नजर अधू आहे. पुस्तक नाकाला लावून वाचते, आणि आवडलं तर उशाशी घेऊन झोपते.

मला जिना चढवत नाही, गाडीत कोण चढवणार? तू काहीतरी कर. काय ते मला सुचत नाही.

हेस्टर


लीड्स
४ जानेवारी

आत्या,

रविवारी मी स्वतः पिकरिंगला जातेय, त्याआधी सुट्टी मिळत नाही. पण रविवारपर्यंत थांबवत नाही. पाकीट न उघडता परत करता येतं, पोस्टकार्ड मात्र हातात घेतलं की वाचलं जातंच. त्यांनी नाही वाचलं तर त्यांची मुलगी वाचेल. खाली नक्कल देतेय. त्यातलं एक वाक्य खोटं आहे, ते मी तुझ्या वतीने लिहिलं. सांभाळून घे.

'मिस्टर थ्वेट यांच्या घरातल्या कोणीही वाचावं. हिरव्या कापडाचं, सोनेरी चंद्रकोरीचं परीकथांचं पुस्तक तुमच्याकडे असेल तर त्याच्या रंगात विष आहे. मुलीच्या हातातून आत्ता काढून घ्या, तिचे हात धुवा, पांघरूण बदला. तिला उलट्या होत असतील तर डॉक्टरांना आर्सेनिक एवढा एकच शब्द सांगा. पुस्तक मिस गॅरथनी तुम्हाला भेट दिलेलं आहे, त्याबद्दल कोणी काही विचारणार नाही. मिस्टर थ्वेट यांनी कोणाला विष खाऊ घातलं नव्हतं. चूक माझी होती. मेव्हिस गॅरथ.'

मेव्हिस


पिकरिंग
२४ जानेवारी १९५४

मिस गॅरथ,

तुमच्या भाचीचं पोस्टकार्ड पाच तारखेला, मंगळवारी सकाळी आलं. मी बाहेर होतो. एनिडने वाचलं. मी परत आलो तेव्हा ती दारात उभी होती, लिनेटला घोंगडीत गुंडाळून खांद्यावर घेतलेली, आणि शेजाऱ्याची मोटार सुरू होती. मला एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्ही सरका."

लिनेट यॉर्कच्या रुग्णालयात आहे. जगेल असं आता सांगतात. निम्मे केस गेले. पाय टेकवले की म्हणते, "आजोबा, जमीन कुठे गेली?" उन्हाळ्यापर्यंत चालेल, असं डॉक्टर म्हणतात. तुमची भाची त्या रविवारी आली ती तिथेच आली. तिने माफी मागितली. 

तुम्हाला सगळं सांगायचं ठरवलंय, कारण मी ते एनिडला सांगू शकलेलो नाही.

नोव्हेंबरात सार्जंट आला आणि गल्लीत सगळ्यांना कळलं. ज्या खिडकीतून मी सव्वीस वर्षं या गावाला तिकिटं दिली, तिथला माणूससुद्धा माझ्याकडे न बघता तिकीट सरकवायला लागला. ते सोसलं असतं. पण एनिडने न बोलता लिनेटचा चहा स्वतः ओतायला सुरुवात केली. माझ्या हातचं पाणीही मुलीला देईना. पोटच्या मुलीला वाटत होतं की मी विष घालणारा आहे. आणि त्या सगळ्या दिवसांत लिनेट वर, माझ्याच खोलीशेजारी, तुमचं पुस्तक गालाशी धरून झोपत होती. एनिडला मी सांगितलं होतं, मिस गॅरथनी भेट दिलं.

डिसेंबरात तिला उलट्या सुरू झाल्या तेव्हा एनिडने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर तुमच्या ओळखीची आहे.

शिपाई आला त्या दिवशी लिनेट वर ओकत होती. तो म्हणाला, पुस्तकात विष आहे. मला वाटलं, चोरी कबूल करून घ्यायची ही युक्ती. मी म्हटलं, असलं पुस्तक घरात नाही. दार लावलं आणि वर जाऊन ते तिच्या उशीखाली सरकवलं, कोणाला दिसू नये म्हणून. पोस्टकार्ड येईपर्यंत त्यानंतर तीन रात्री गेल्या. त्या तीन रात्री माझ्या आहेत, मिस गॅरथ. तुम्ही माझ्यावर खोटा आळ घेतलात, पण त्या तीन रात्री तुमच्या नावावर टाकता येत नाहीत.

पुस्तक का नेलं? तुमच्या भाचीला मी म्हणालो, नातीला चित्रं दाखवायला. ते निमित्त होतं. लिनेटला मी ती गोष्ट तोंडपाठ सांगत होतो, तिला पुस्तकाची गरज नव्हती. तीस वर्षं मी ते शोधत होतो, आणि तुम्ही पाठ करून किटलीपाशी उभ्या होतात. तुम्ही मला घाबरलात हे मला दिसत होतं. मनात आलं, चोर समजताच आहात तर समजा.

सार्जंटला यातलं काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी नाकारणार नाही.

अ. थ्वेट


व्हिटबी
२ फेब्रुवारी १९५४

प्रिय मिस्टर थ्वेट,

सार्जंटला सांगून झालं. पुस्तक मी भेट दिलं होतं आणि आजारपणात विसरले. तो वही मिटत म्हणाला, "तुमचं वय झालं, मिस गॅरथ." मी मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य मी ऐकून घेतलं.

माफी मागायला शब्द शोधत बसले तर हे पत्र जाणारच नाही. तुम्ही माझ्या टेबलावर केक ठेवलात आणि मी तुमच्या नातीच्या आईला तिच्याच बापाची भीती घातली. हे मी केलं. लिनेटला भेटण्याचा मला हक्क नाही, पण ती चालायला लागली की दोन ओळी कळवा.

अकरा पुस्तकं मेव्हिसने हातमोजे घालून पत्र्याच्या पेटीत घातली आणि झाकण कथलाने डागून कायमचं बंद केलं. माझं टेबल जाळलं.

आता कामाचं. बाराही पुस्तकांच्या शेवटच्या पानावर प्रकाशकाची जाहिरात आहे, ती आपण दोघांनी वाचून कितीदा कौतुक केलंय. 'प्रत्येकी एक हजार प्रती.' म्हणजे बारा हजार. निम्म्या जळल्या, भिजल्या, रद्दीत गेल्या असं धरलं तरी उरलेल्या कुठेतरी आहेत. आणि चांगल्या प्रती आपल्यासारख्यांकडे आहेत, जी माणसं त्या झटकतात, नाकाशी नेऊन डिंकाचा वास घेतात आणि नातवंडांना दाखवतात. साप्ताहिकाच्या संपादकांना मी सावधगिरीची सूचना पाठवली. त्यांनी नम्रपणे परत केली. लिहिलंय, एका आजारी बाईच्या अनुभवावरून लोकांना घाबरवणं बरं नाही. मेव्हिस मिस्टर ओकडेनची सही घेऊन त्यांच्याकडे पुन्हा जाणार आहे.

तोवर एकेकाला पत्रं घालण्याशिवाय दुसरा मार्ग नाही. माझ्या ओळखीतल्या एकोणीस जणांना लिहिलं. कोणत्या प्रती कोणाकडे गेल्या हे माझ्याहून तुम्हाला जास्त ठाऊक आहे. मला नावं पाठवा, किंवा मला पाठवायची नसतील तर स्वतः लिहा. मात्र पाकिटात नको, पोस्टकार्डावर लिहा. एकोणीसपैकी सोळांची उत्तरं आली. तिघांनी मला वेडी ठरवलं, ते चालेल, त्यांनी वाचलं तरी.

डरहॅमच्या मिसेस ऑल्डरसनचं उत्तर आलेलं नाही. त्यांनी दोन वर्षांपूर्वी लिलावात माझ्याहून चढी बोली लावून याच मालिकेतलं 'सात धुक्यांची राणी' घेतलं होतं. मला तेव्हा फार राग आला होता. बाहेर पडताना मी त्यांना विचारलं, "काचेच्या कपाटात ठेवणार ना?" त्या म्हणाल्या, "छे, मुलांच्या खोलीत. तिघंही त्याच्यावर तुटून पडतील."

मी त्यांना तीन कार्डं पाठवली आहेत. तुम्ही त्यांना ओळखत असाल तर आजच्या टपालाने लिहा.

हेस्टर गॅरथ